प्लग बदलला की चार दिवस बरी, मग पुन्हा मिसिंग : कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० चं दुखणं

जुन्या मारुती ८०० वाल्यांची एक तक्रार ठरलेली असते. गाडी मिसिंग करायला लागते, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनमधून पेटतच नाही आणि इंजिन अडखळतं. गॅरेजवाला ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग साफ करून देतो किंवा नवे टाकतो, आणि गाडी झकास चालते. आठवडा-पंधरवडा जातो. मग सिग्नलला उभं असताना पुन्हा तीच थरथर, चढावर पुन्हा तेच झटके. पुन्हा प्लग. पुढच्या फेरीला कोणीतरी कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) खोलायला लावतं आणि त्यानंतर मिसिंग राहतंच, वर गाडी पेट्रोलही जास्त प्यायला लागते.

प्लग बदलल्यावर चार दिवस बरं वाटतं, हीच या सगळ्यातली सर्वांत मोठी खूण आहे आणि नेमकं तिच्याकडेच कोणी बघत नाही. नव्या प्लगच्या कडा धारदार असतात, फट झिजून वाढलेली नसते आणि पांढरं चिनी मातीचं टोक कोरं असतं. अशा प्लगमध्ये कमी व्होल्टेजवरही ठिणगी पडते. कॉइल (बॅटरीच्या बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करणारी), प्लगच्या वायरी किंवा डिस्ट्रिब्युटरची (एकेका प्लगला पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागाची) कॅप अशक्त असेल तर नवा प्लग त्यावर पांघरूण घालतो. पण अशक्त ठिणगीने पेट्रोल पुरतं जळत नाही, टोकावर काजळी धरते, त्या काजळीतून वीज गळायला लागते आणि प्लग पुन्हा ‘जातो’. म्हणजे बिघडतो प्लग, बिघडवणारा दुसराच कोणीतरी असतो.

यात आणखी दोन शक्यता असतात. हवा-पेट्रोलचं मिश्रण फार गडद (पेट्रोल जास्त) असेल किंवा तेल वर चढत असेल, तर ठिणगी कितीही चांगली असली तरी प्लग काळा पडणारच. तिसरी शक्यता गंमतशीर आहे. प्लग काढताना वायरी ओढल्या जातात, परत दाबून बसवल्या जातात, आणि कुठला तरी सैल किंवा गंजका जोड तेवढ्यापुरता घट्ट होतो. श्रेय प्लगला मिळतं, चार दिवसांनी जोड पुन्हा सैल होतो. या तिघांतलं तुमच्या गाडीत कोणतं आहे, ते ओळखायचं आहे. त्यासाठी सुटे भाग विकत घ्यावे लागत नाहीत, निदान सुरुवातीला तरी.

गाडीबद्दल थोडक्यात. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली, शेवटची जानेवारी २०१४ मध्ये बनली. फ्युएल इंजेक्शन आलं ते २००० च्या आसपास. इथे बोलतोय ते त्याआधीच्या कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटरवाल्या गाड्यांबद्दल. इंजिन ७९६ सीसी, सिलिंडर तीन, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-२. हेच इंजिन जुन्या ओम्नीतही आहे, फक्त तिथे ते पुढच्या सीटखाली असतं आणि हात घालायला जागा कमी. तीन सिलिंडरमधला एक बसला की ताकदीचा तिसरा हिस्सा गेला, आणि उरलेली दोन असमान अंतराने धक्का मारतात. म्हणून हिची थरथर चार सिलिंडरच्या गाडीपेक्षा फार जास्त जाणवते, स्टिअरिंगपर्यंत येते.

आधी कागद-पेन घ्या

गाडी मिस करते, एवढ्यावर कोणत्याही मिस्त्रीला काही सांगता येत नाही. कधी करते ते लिहा. सकाळी गार असताना? अर्ध्या तासाने इंजिन तापल्यावर? फक्त आयडलिंगला? तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढताना? पावसात? हेडलाइट लावल्यावर?

चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे अशक्त कॉइल किंवा फुटकी वायर सपाटीवर काही कळू देत नाही आणि चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना बरोबर उघडी पडते. अडचण अशी की पेट्रोल कमी पडत असेल तेव्हाही गाडी चढावरच रुसते. फरक झटक्याच्या जातीत आहे. ठिणगी चुकते तेव्हा झटका तुटक असतो, कोणी चावी बंद-चालू केल्यासारखा, आणि बऱ्याचदा सायलेन्सरमधून फट् आवाज येतो. पेट्रोल कमी पडतं तेव्हा गाडी हळूहळू मरगळते, पाय उचलला आणि दहा-वीस सेकंद हळू चालवली की पुन्हा ओढते.

फक्त आयडलिंगला मिस आणि वेगात एकदम सुरळीत, असं असेल तर संशय स्लो जेट (कार्बोरेटरमधलं आयडलिंगच्या पेट्रोलचं बारीक भोक), हवेची गळती आणि व्हॉल्व्ह यांच्यावर. गार असताना ठीक आणि तापल्यावर बिघाड, तर कॉइल, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (कॉइलची वीज तोडणारी-जोडणारी चिमटी) जळू नयेत म्हणून असलेला कन्डेन्सर, किंवा आवळून बसलेले टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट नाहीशी झालेली.

पावसाळ्यातल्या मिसिंगबद्दल मात्र सावध राहा. पाऊस आला की सगळे पाण्याला दोष देतात आणि डिस्ट्रिब्युटरवर प्लास्टिकची पिशवी बांधतात. पण पावसात हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं एकाच वेळी चालू असतं. बॅटरी किंवा अल्टरनेटर कमजोर असेल, इग्निशन स्विचचे जोड झिजले असतील, तर कॉइलला मिळणारं व्होल्टेज पडतं आणि गाडी मिस करते. कोरड्या रात्री इंजिन चालू ठेवून हे सगळं एकदम लावून बघा. तेव्हाही मिस करत असेल तर पाण्याचा संबंध नाही.

अजून एक फुकटची तपासणी तुमच्या खिशात असते, ती म्हणजे पीयूसीची पावती. तिच्यावर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (हायड्रोकार्बन) असे दोन आकडे असतात. ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर पडतं, एचसी उसळतो, पण सीओ वाढत नाही. मिश्रण गडद असेल तर सीओ वाढतो. एचसी भरमसाट आणि सीओ मामुली असेल तर कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावू नका. पावती नवी आणि प्रत्यक्ष नळी घालून काढलेली असावी, हे मी वेगळं सांगायला नको.

कोणता सिलिंडर?

हा पुढचा आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. टाइमिंग बेल्टच्या बाजूचा सिलिंडर पहिला, डिस्ट्रिब्युटरच्या बाजूचा तिसरा. वायरींवर आधीच पेनाने किंवा टेपने १, २, ३ अशा खुणा करा. वायरींची अदलाबदल होऊन दोन सिलिंडर बसलेल्या आणि मग ‘इंजिनचं काम निघालं’ म्हणून सांगितलेल्या गाड्या असतात, हसू नका.

गॅरेजमध्ये चालू इंजिनवर एकेक वायर उपटून बघतात. शॉक बसतो ते वेगळंच, पण उघड्या वायरीतल्या व्होल्टेजला जायला जागा मिळाली नाही की ते कॉइलचं किंवा कॅपचं इन्सुलेशन फोडून जातं. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटचं काम करणारा इग्नायटरही जाऊ शकतो. त्यापेक्षा एक जादा प्लग घ्या. इंजिन बंद करा, एका सिलिंडरची वायर काढून तिच्या टोकात हा जादा प्लग खोचा, आणि प्लगचं धातूचं अंग एका वायरने इंजिनच्या धातूला पक्कं जोडा. आता इंजिन चालू करून आयडलिंग ऐका. बंद करा, पुढचा सिलिंडर. चांगला सिलिंडर तोडला की इंजिन लगेच बसायला लागतं. जो तोडल्याने काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच मेलेला आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा डबा) असलेल्या गाडीत ही चाचणी प्रत्येक सिलिंडरला अर्ध्या मिनिटात उरका, कच्चं पेट्रोल त्यात जाऊन तो लाल तापतो. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो १९९५ पासून आहे.

एकच सिलिंडर मेलेला असेल तर शोध फक्त त्याच्या प्लगपुरता, वायरीपुरता, कॅपमधल्या टोकापुरता आणि त्याच्या व्हॉल्व्ह-कॉम्प्रेशनपुरता. तिन्ही सारखेच अधूनमधून चुकत असतील तर जे तिघांत सामाईक आहे ते बघा : कॉइल, मधली जाड वायर, रोटर (कॅपच्या आत फिरून वीज वाटणारा), पॉइंट, पेट्रोल. निम्मं काम इथेच संपतं.

एकच सिलिंडर असेल तर आता अदलाबदल. त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये आणि शेजारचा याच्यात. मिसिंग प्लगबरोबर सरकलं तर प्लग दोषी. नाही सरकलं तर वायरींची तशीच अदलाबदल, लांबी पुरत असेल तर. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते कळत नाही आणि महिन्याने पुन्हा इथेच याल.

प्लग काढताना इंजिन गार असू द्या. हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना जोर लावला की आटे निघून येतात आणि मग खर्च कितीतरी पट. बसवताना आधी बोटांनीच पूर्ण फिरवा, पाना शेवटी.

प्लग काय सांगतो

तिन्ही प्लग काढून ओळीने एका कागदावर ठेवा, नंबर लिहून. फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग म्हणजे सगळं ठीक. कोरडी, मखमली काजळी म्हणजे मिश्रण गडद किंवा ठिणगी अशक्त. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा प्लग म्हणजे त्या सिलिंडरला ठिणगीच मिळत नाही. ओशट, चकचकीत काळा म्हणजे तेल : व्हॉल्व्हचे सील किंवा रिंगा. पांढराफटक, टोकावर बारीक फोड आलेला म्हणजे मिश्रण पातळ, कुठून तरी फालतू हवा येतेय.

तिन्ही काळे असतील तर सामाईक कारण, बहुधा कार्बोरेटर, अडकलेला चोक किंवा कॉइल. चोकची केबल पूर्ण मागे जाते का, एवढं आधी बघा. डॅशबोर्डवरची चोकची दांडी आत ढकललेली दिसते आणि कार्बोरेटरवर पाकळी अर्धी बंदच असते, हे सर्रास होतं. एअर फिल्टर गच्च असेल तरी हेच दिसतं.

फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर. फिलर गेजनेच (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. नव्या प्लगची फट कारखान्यातून बरोबर आलीच असेल असं धरू नका.

खरा चोर बहुतेक वेळा इथे

वारंवार येणाऱ्या मिसिंगमध्ये मी पेट्रोलकडे उशिरा जातो. पहिला संशय नेहमी उच्च दाबाच्या विजेच्या वाटेवर : कॉइल, मधली वायर, कॅप, रोटर, प्लगच्या वायरी.

गॅरेजमधली लाडकी चाचणी म्हणजे प्लग बाहेर काढून हेडला टेकवायचा, सेल्फ मारायचा आणि म्हणायचं, “बघा साहेब, करंट आहे.” उघड्या हवेत ठिणगी पडायला फार कमी व्होल्टेज लागतं. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते, तिथे त्याच्या कितीतरी पट लागतं. त्यामुळे बाहेर पडलेली ठिणगी आत पडेलच असं नाही. ठिणगीने सहा-सात मिलिमीटरची उघडी फट ओलांडली, रंग निळसर-पांढरा असला आणि टक् असा आवाज आला, तर ती धडधाकट. बारीक, पिवळट-केशरी, मुकी ठिणगी बाहेर दिसली तरी आत निकामी. ही चाचणी करताना जवळ पेट्रोल सांडलेलं नको, उरलेल्या प्लगांच्या भोकांपासून ठिणगी लांब ठेवा, आणि ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी बॉनेटजवळही येऊ नये.

डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून उजेडात, शक्य तर भिंगाखाली, आतून बघा. एका टोकाकडून दुसऱ्याकडे किंवा खाली कडेकडे जाणारी पेन्सिलने काढल्यासारखी बारीक करडी रेघ दिसली तर तिथून वीज पळते. ती रेघ कार्बनची असते. पुसली, घासली तर काही दिवस गाडी बरी चालते, कारण ओल आणि धूळ जाते. पण वीज एकदा त्या वाटेने गेली की वाट मोडत नाही. कॅप बदलायलाच हवी. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याच्या दमट हवेत हे दुखणं घाटावरच्यापेक्षा लवकर वर येतं. कॅपच्या मधोमध स्प्रिंगवर एक कार्बनचं बटण असतं. ते बोटाने दाबून बघा, अडकलं किंवा झिजलं असेल तर मधे ठिणगी उडत राहते आणि रोटर जळतो. रोटरच्या पितळी पट्टीचं टोक काळवंडलं, खड्डा पडला तर तोही टाका. कॅप आणि रोटर जोडीने बदललेले बरे.

वायरींसाठी रात्र उत्तम. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि फक्त बघा. वायरींच्या अंगावर किंवा प्लगच्या टोपीपाशी निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर उत्तर मिळालं. काहीच दिसलं नाही तर झाडांवर पाणी मारायच्या स्प्रेच्या बाटलीने बारीक तुषार उडवून पुन्हा बघा. हात, ओढणी, शर्टाची बाही लांब. या गाडीचा रेडिएटर फॅन विजेवरचा आहे, तो कधीही अचानक फिरायला लागतो. मल्टिमीटर असेल तर एकेका वायरीचा रोध मोजा. २० किलो ओहमच्या वर गेलेली वायर बाद. मोजताना वायर वाकवा, हलवा. आकडा उड्या मारत असेल तर आतला धागा तुटलेला आहे आणि गाडीच्या थरथरीने तो कधी जुळतो, कधी सुटतो. अधूनमधूनच्या मिसिंगला असा धागा पुरतो. वायर काढताना ओढायची ती टोपीला धरून. धागे तुटतात ते वायरीला धरून ओढल्यानेच.

कॉइल गार असताना मोजून काही कळत नाही. प्राथमिक वेटोळ्याचा रोध दोन-चार ओहम, दुय्यमचा काही हजार ओहम, असे आकडे गार कॉइल सहसा बरोबरच दाखवते. ती फसवते तापल्यावर. गाडी तापून मिस करायला लागली की त्याच क्षणी थांबून ठिणगी बघा. ती केशरी पडली असेल आणि तासाभराने गार झाल्यावर पुन्हा निळी, तर कॉइल किंवा कन्डेन्सर.

इथे एक भानगड गॅरेजमध्येच जन्माला येते. काही कॉइल बाहेरच्या बॅलास्ट रेझिस्टरसोबत (करंट आवरणाऱ्या रोधासोबत) चालायला बनवलेल्या असतात, काही त्याच्याशिवाय. ‘बारा व्होल्टची आहे, चालते’ म्हणून कोणतीही लावली, आणि बॅलास्टवाली कॉइल थेट बारा व्होल्टवर चालली, तर जवळपास दुप्पट करंट ओढते, स्वतः तापते आणि पॉइंट जाळते. तुमच्या गाडीचे पॉइंट दर दोन महिन्यांनी जळत असतील तर पॉइंटच्या कंपनीला नावं ठेवण्याआधी कॉइलवर काय छापलंय ते वाचा.

पॉइंट, कन्डेन्सर आणि हलता दांडा

पुढच्या मॉडेलांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, पण पॉइंटवाल्या गाड्या अजून आहेत. पॉइंटची फट ०.४ ते ०.५ मिलिमीटर. पृष्ठभाग निळसर जळलेला असेल, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी झाली असेल, तर कन्डेन्सर तपासा, म्हणजे खरं तर बदलाच. स्वस्त वस्तू आहे. मात्र नवा कन्डेन्सर म्हणजे चांगला कन्डेन्सर असंही नाही. बाजारात भिकार माल भरपूर मिळतो. चालता-फिरता जुना मूळ कन्डेन्सर हाताशी असेल तर तो जपून ठेवा.

पॉइंट नीट लावले, तरी महिन्याभरात गाडी पुन्हा बिघडते, असं होत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा दांडा हाताने आडवा हलवून बघा. बुश झिजून दांडा खेळत असेल तर कॅमच्या तीन उंचवट्यांवर फट तीन वेगवेगळ्या मापांची येते. एका उंचवट्यावर तुम्ही बरोबर मापाची फट लावता, दुसऱ्यावर ती कमी असते. दांडा डोलतो तसं टाइमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळही डोलते. कितीही वेळा पॉइंट लावा, ते टिकणार नाही. बुश बदलून घ्या किंवा चांगला डिस्ट्रिब्युटर शोधा. माझ्या मते जुन्या गाड्यांतल्या चिवट मिसिंगमध्ये हे कारण जेवढं असतं त्यापेक्षा फार कमी वेळा तपासलं जातं.

तिथेच आत एक बारीक लवचीक वायर असते, पॉइंटच्या तबकडीला अर्थ देणारी. व्हॅक्यूम ॲडव्हान्सने (इंजिनच्या हवेच्या ओढीवर टाइमिंग पुढे नेणाऱ्या भागाने) तबकडी रोज शेकडो वेळा मागेपुढे होते आणि ही वायर आतल्या आत तुटते, बाहेरून कव्हर शाबूत. ॲक्सिलरेटर एका ठरावीक जागी असतानाच झटका येत असेल तर हिचा संशय घ्या. व्हॅक्यूमच्या नळीला तोंड लावून हवा ओढून बघा, तबकडी सरकून तिथेच थांबली पाहिजे. हवा नुसतीच येत राहिली तर आतला रबरी पडदा फाटलाय आणि तेवढी फालतू हवा इंजिनमध्येही जातेय.

हे सगळं सोडून आधीच करायचं काम : कॉइलच्या प्लस टोकावर व्होल्टेज बघा, इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी काढून घासून पुन्हा घट्ट करा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत, सगळे दिवे लावल्यावरही फार खाली येऊ नयेत.

पेट्रोलची बाजू

ठिणगीची सगळी वाट धुतल्या तांदळासारखी स्वच्छ निघाली, तरच इकडे.

सगळ्यात सोपी चाचणी चोकची आहे. गरम इंजिन मिस करत असताना चोक हळूच थोडा ओढा. मिसिंग कमी झालं तर मिश्रण पातळ आहे : हवा गळतेय किंवा जेटमध्ये कचरा आहे. वाढलं तर मिश्रण आधीच गडद आहे. पातळ निघालं तर कार्बोरेटरच्या खालचा जाड फायबरचा इन्सुलेटर, त्याची गॅस्केटं, मॅनिफोल्डचे नट आणि सगळ्या व्हॅक्यूम नळ्या बघा. नळ्या टोकाला चिरतात, तेवढं टोक कापून पुन्हा बसवलं तरी भागतं.

आयडलिंगलाच मरत असेल तर कार्बोरेटरवरचा विजेवर चालणारा फ्युएल कट सोलेनॉइड तपासा. चावी फिरवली की टक् वाजला पाहिजे. त्याची वायर नुसती निसटल्यामुळे कार्बोरेटर ओव्हरहॉल झालेल्या गाड्या आहेत. जेट साफ करायचे तर हवेच्या फवाऱ्याने. तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची पेट्रोल पिते.

पंप यांत्रिक आहे, त्याचा पडदा फाटला तर चढावर पेट्रोल पुरत नाही आणि काही वेळा ते इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलच्या काठीला पेट्रोलचा वास आला, पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर गाडी चालवणं तिथेच थांबवा.

आता इथेनॉल. २०२५ पासून बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि त्यातलं बरंच इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांतून येतं. इंजेक्शनच्या नव्या गाडीत सेन्सर बघून कॉम्प्युटर मिश्रण जुळवून घेतो. कार्बोरेटरला जेटच्या भोकाएवढंच कळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे त्याच जेटवर मिश्रण पातळ पडतं. पूर्वी जेमतेम बरोबर असलेली गाडी आता आयडलिंगला अडखळते. मिश्रणाचा स्क्रू थोडा सोडून आयडलिंग पुन्हा जुळवलं तर पुष्कळदा भागतं. खरा त्रास महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांना होतो. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, प्रमाणाबाहेर ओल झाली की पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी वेगळा बसतो, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. जुन्या रबरी नळ्याही फुगतात, मऊ पडतात, आतून सुटे होणारे कण फिल्टरमध्ये जातात. फिल्टर बदलल्यावर गाडी पुन्हा चार दिवस बरी, मग पुन्हा तेच, असं असेल तर नळ्या आणि टाकी बघा. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, पेट्रोल ताजं आणि कमी भरा.

कॉम्प्रेशन

ठिणगी ठीक, पेट्रोल ठीक, आणि तरी एकच सिलिंडर आयडलिंगला मेलेला. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायचं गेज. इंजिन तापवा, हात लावता येईल इतकं कोमट होऊ द्या, मग तिन्ही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. आकड्यापेक्षा तिघांतला फरक महत्त्वाचा, एक-दीड किलोच्या (प्रति चौरस सेंटिमीटर) वर तफावत असेल तर काहीतरी आहे. कमी निघालेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर मधली हेड गॅस्केट, आणि मग रेडिएटरचं पाणी कमी होतंय का, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट मलई दिसते का, तेही बघा. गॅसवर चाललेल्या गाडीत टॅपेट आधी तपासा. व्हॉल्व्ह बसक्यात धसतात, फट नाहीशी होते, तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. नुसती फट जुळवून सिलिंडर परत येतो, वेळेत लक्ष गेलं तर. उशीर झाला तर व्हॉल्व्ह जळतो आणि हेड उतरवावं लागतं.

टाइमिंग बेल्टचा दात सरकला असेल तर तिन्ही सिलिंडर सारखेच मंदावतात. एकट्याच्या मिसिंगसाठी बेल्ट उघडायला सांगणाऱ्याकडे गाडी सोडू नका.

दुरुस्ती झाली का, हे कसं ठरवायचं

गॅरेजच्या दारात आयडलिंग सुरळीत आहे म्हणून पैसे देऊन निघू नका. सुरुवातीला जो कागद लिहिला होता तो काढा आणि गाडी ज्या परिस्थितीत मिस करायची त्याच परिस्थितीत न्या. तापल्यावर करत असेल तर अर्धा तास रहदारीत, चढावर करत असेल तर चारजण बसवून घाटात, पावसाळी असेल तर स्प्रेची बाटली घेऊन आणि सगळे दिवे लावून. काढलेले जुने भाग मागून घ्या आणि कोणता कधी बदलला ते त्यांच्यावरच लिहून डिकीत ठेवा. दोन आठवड्यांनी प्लग पुन्हा काढून रंग बघा, मिसिंग नसलं तरी. तपकिरी असतील तर चोर सापडला. पुन्हा काळे पडायला लागले असतील तर तो अजून आत आहे, आणि मिसिंग सुरू व्हायच्या आधीच ते कळलं.

नवे पॉइंट टाकले असतील तर साधारण हजार किलोमीटरनंतर फट पुन्हा मोजा. कॅमवर घासणारी फायबरची टाच सुरुवातीला भराभर बसते, फट कमी होते आणि टाइमिंग मागे पडतं. टाचेवर कॅमला लावायचं ग्रीस मुगाच्या दाण्याएवढंच लावा. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर जातं.